आंब्याची गव्हाची बिअर : केळ्याचा वास, गढूळ रंग आणि गोडी नाही, म्हणजे बाटली खराब होती का?

उद्यमबागकर

नमस्कार. मी बेळगावात राहतो आणि उद्यमबागेतील एका फाउंड्रीत हिशेबाचे काम पाहतो. बिअर मी क्वचितच घेतो, आणि आजवर घेतली ती सगळी नेहमीची, स्वच्छ सोनेरी रंगाची, थोडी कडवट लागणारी लागर होती. गेल्या रविवारी संध्याकाळी माझे थोरले चुलतभाऊ घरी आले होते. त्यांनी येताना कॅम्पातील एका परवानाधारक दुकानातून वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन छोट्या बाटल्या आणल्या. दोन्हींवर गव्हाची बिअर असे लिहिलेले होते आणि दोन्हींवर आंब्याचे चित्र होते. मे महिना चालू आहे, घरात धारवाडी हापूसची पेटी उघडलेली आहे आणि दुपारीच आमरस झाला होता, त्यामुळे आंब्याची बिअर कशी लागेल याची एक कल्पना आम्हा दोघांच्याही मनात आधीपासून पक्की झालेली होती.

पहिली बाटली तपकिरी काचेची होती आणि ती दुकानाच्या फ्रीजमधून आलेली होती. आम्ही ती घरातल्या स्टीलच्या पेल्यांत ओतली, पण रंग दिसेना म्हणून नंतर काचेच्या ग्लासात घेतली. तांदळाच्या धुवणात चिमूटभर हळद पडावी तसा तिचा रंग होता आणि बाटलीच्या तळाशी पांढरट गाळ बसलेला होता. नाकाजवळ नेताच पहिल्यांदा आला तो पिकलेल्या केळ्याचा वास, आणि त्याच्या मागोमाग लवंगेचा. आंबा मला वासात सापडलाच नाही. घोट गिळल्यानंतर मात्र तो एकदम जाणवला, आणि तोही आमरसाचा नव्हे, तर देठाजवळ कापलेल्या कैरीचा. चव किंचित आंबट होती, कडवटपणा जवळजवळ नव्हता, गोडी तर अजिबात नव्हती. दादांनी दोन घोट घेतले, ग्लास खाली ठेवला आणि ही बाटली नासली आहे असे स्पष्ट सांगितले.

दुसरी बाटली पांढऱ्या पारदर्शक काचेची होती आणि दुकानदाराने ती रस्त्याकडेच्या, दुपारच्या उन्हाच्या शोकेसमधून काढून दिली होती. ती गोड होती, सरबतासारखी, आणि आंब्याचा वासही तिला भरपूर होता, पण तो वास गोळीच्या आंब्याचा वाटत होता. शिवाय त्याच्याखाली जळक्या रबरासारखा, थोडा लसणाच्या अंगाने जाणारा उग्र वास होता. दादांना ही बाटली पहिलीपेक्षा बरी वाटली. मला मात्र पहिलीच पुन्हा घ्यावीशी वाटत होती, पण ती नासलेली असेल तर ते धाडस करू नये असेही वाटले.

माझा प्रश्न असा आहे की गढूळपणा, गाळ, केळे, लवंग, आंबटपणा आणि गोडीचा अभाव या साऱ्या गोष्टी बिघाडाच्या आहेत की अशी बिअर मुळातच अशी असते? आणि ती मुळातच अशी असेल, तर ती नीट चाखण्याची काही पद्धत आहे का? जाणकारांनी सविस्तर सांगितले तर मी आभारी राहीन.

शहापुरी

गढूळपणा आणि गाळ याविषयी निर्धास्त राहा. गव्हात प्रथिने जास्त असतात, आणि अशा बिअरमधील यीस्ट बहुधा गाळून काढलेले नसते, त्यामुळे ती काचेसारखी स्वच्छ दिसत नाही. ती तशी दिसू नये हीच अपेक्षा असते. बाकीचे अधिक माहितीचे लोक सांगतील, पण स्टीलचा पेला पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा, कारण अशा बिअरचा निम्मा आनंद तिच्या रंगात आणि फेसात असतो.

मलप्रभाकाठी

उद्यमबागकर, आपल्या दादांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नासलेली म्हणून ग्लास खाली ठेवला ती बाटली आपल्या वर्णनावरून पूर्णपणे चांगली होती, आणि त्यांना बरी वाटली ती बिघडलेली होती. मी खानापूर तालुक्यातला आहे आणि गेली काही वर्षे बंगळूरच्या एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवण्याचेच काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या घरांत लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करतात. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, किंचित भाजायची आणि दळायची. बिअरसाठी धान्याचा माल्ट करतात तो याच रीतीने, कारण मोड येताना दाण्यात असे घटक तयार होतात की जे पुढे कोमट पाण्यात पिठाची साखर करतात. नेहमीच्या लागरमध्ये हा माल्ट मुख्यतः सातूचा, म्हणजे बार्लीचा असतो. जर्मनीत गव्हाची बिअर म्हणवून घ्यायचे असेल तर निदान निम्मा माल्ट गव्हाचा असावा लागतो आणि बाकीचा सातूचा असतो. सगळाच गहू का घेत नाहीत, असे आपण विचाराल. सातूच्या दाण्याला टरफल असते आणि गोड रस गाळताना त्या टरफलांचीच चाळणी तयार होते, तर गव्हाच्या दाण्याला मळणीनंतर टरफल उरत नाही, त्यामुळे नुसत्या गव्हाचा लगदा होऊन रस खाली उतरतच नाही. गव्हाचे प्रमाण जास्त ठेवायचे असेल तेव्हा आम्ही त्यात भाताचे तूस मिसळतो. आमच्या गावाकडे गिरणीच्या मागे ढिगाने पडलेले हे तूस बंगळूरमध्ये स्वच्छ धुऊन, वजन करून टाकीत घालताना मला दर वेळी घराची आठवण होते.

आता केळे आणि लवंग. या बिअरमध्ये कोणी केळे घातले नव्हते आणि लवंगही घातली नव्हती. हे दोन्ही वास यीस्टने तयार केलेले असतात. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील गव्हाच्या बिअरसाठी जे खास यीस्ट वापरतात ते आंबवणाच्या काळात आयसोअमाइल अॅसिटेट नावाचा पदार्थ सोडते, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातला मुख्य घटकही हाच आहे. तेच यीस्ट धान्यातील फेरुलिक आम्लापासून आणखी एक पदार्थ बनवते, ज्याचा वास लवंगेसारखा असतो. टाकी थोडी उबदार ठेवली तर साधारणपणे केळे वरचढ होते, थंड ठेवली तर लवंगेला वाव मिळतो. आपल्या नाकाने हे दोन्ही कोणी न सांगता ओळखले याचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण आमच्याकडे नव्याने कामाला येणाऱ्या मुलांना त्यासाठी बरेच दिवस लागतात.

गोडीचा मुद्दा मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेकांची निराशा तिथेच होते. हापूसच्या गरात साखर भरपूर असते, पण ही साखर यीस्टच्या अत्यंत आवडीची असते. पहिले आंबवण ओसरल्यावर आम्ही टाकीत गर घालतो, तेव्हा थंडावलेले यीस्ट पुन्हा जागे होते आणि काही दिवसांत ती साखर जवळजवळ सगळी संपवून टाकते. उरतात ती फळाची आम्ले आणि फळाचा वास. त्यातलाही काही वास आंबवणातून निघणाऱ्या वायूबरोबर उडून जातो. गर घातल्यानंतरचे पहिले दोन दिवस आमच्या टाकीच्या खोलीत कोणी आमरसाची परात उघडी ठेवली आहे असे वाटते. बाहेरचे लोक आत येऊन खूश होतात, आणि मला मात्र वाईट वाटते, कारण खोलीत दरवळणारा तो सारा आंबा बिअरमधून कमी झालेला असतो. म्हणून आपल्याला घोटाच्या शेवटी कैरी जाणवली. साखर निघून गेलेला आंबा आपल्या जिभेला कैरीच वाटतो. शिवाय मिरसीन नावाचा एक सुगंधी घटक आंब्यातही असतो आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांतही असतो, त्यामुळे आंब्याचा चिकाकडचा, हिरवा वास या बिअरमध्ये चटकन मिसळून जातो.

गोड हवी असेल तर उत्पादकाला यीस्ट काढून टाकल्यावर किंवा बिअर तापवून यीस्ट निष्क्रिय केल्यावर सरबत आणि सुगंध मिसळावा लागतो. आपल्या दुसऱ्या बाटलीत असेच काही केलेले असावे. त्यात गैर काही नाही. बर्लिनची एक आंबट, हलकी गव्हाची बिअर प्रसिद्ध आहे, तिच्यात पिताना रासबेरीचे लाल किंवा वुडरफ नावाच्या वनस्पतीचे हिरवे सरबत घालण्याची जुनी रीत आहे. बव्हेरियातही 1516च्या नियमाने बिअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच ठरवून दिले होते. गव्हाची बिअर पुढे राजघराण्याच्या परवानगीने होत राहिली, पण फळ टाकीत घालण्याची रीत तिथे रुजली नाही. तिथले लोक आजही गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा रस ग्लासातच मिसळून पितात. बेल्जियमची वाट वेगळी आहे. ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर होते, तिच्यात सुमारे एक तृतीयांश गहू मोड न आणता घेतलेला असतो, आणि तिच्यात आंबट चेरी महिनोन् महिने मुरत ठेवतात. ती प्यायली तर आपले दादा कदाचित मला घराबाहेर काढतील इतकी ती आंबट असते, पण फळाची बिअर गोड नसते हे तिच्याइतके दुसरी कोणतीही बिअर शिकवत नाही.

राहिला जळक्या रबराचा वास. तो उन्हाचा आहे. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडला की त्यांच्यापासून गंधकयुक्त असा एक उग्र पदार्थ तयार होतो, आणि तो अतिशय कमी प्रमाणातही नाकाला कळतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी काच फार थोडा अडवते, पांढरी तर जवळजवळ नाहीच. अशी बिअर प्याल्याने अपाय होत नाही, पण तिची चव परत येत नाही. शोकेसमधली बाटली दुकानदार देऊ लागला तर नम्रपणे नको म्हणा आणि आतल्या खोक्यातली किंवा फ्रीजमधली मागा.

चिकोडीचा शेतकरी

वरील प्रतिसाद फार मन लावून लिहिला आहे, पण माझे मत थोडे निराळे आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. मी दरवर्षी घरापुरता खपली गहू करतो. सणाला त्याची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर होते. गूळ, खोबरे आणि वेलदोडा घातल्यावरही त्या हुग्गीत गव्हाचा दाणा आपल्या चवीने उभा असतो, आणि तीच त्या पदार्थाची ओळख आहे. गव्हाच्या बिअरमध्ये फळ घातले की गहू मला सापडत नाही. ज्याने साधी गव्हाची बिअर कधी घेतलेली नाही, त्याला आंब्याच्या बिअरमधले काय आंब्याचे आणि काय गव्हाचे हे कळणार तरी कसे? म्हणून उद्यमबागकरांना माझा आग्रह आहे की त्यांनी आधी बिनफळाची गव्हाची बिअर चाखावी, तिची चव लक्षात ठेवावी आणि मगच आंब्याकडे वळावे. मुलाबरोबर पुण्याला गेलो असताना मी अशी साधी बिअर घेतली होती. ताज्या पावाच्या आतल्या पांढऱ्या भागासारखी मऊ चव होती ती, आणि मला तीच आवडली.

मलप्रभाकाठी यांना एक विचारतो. आमच्या खपलीचा माल्ट होतो का? खपलीला तर टरफल असते, ते कांडूनच काढावे लागते. मग गाळण्याची जी अडचण आपण सांगितली ती खपलीत येऊ नये असे मला वाटते.

निपाणीची लेक

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते, आणि पदार्थाची चव शास्त्रशुद्ध रीतीने कशी पारखावी हा माझ्या शिकवण्याचा एक भाग आहे. उद्यमबागकरांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा, म्हणजे चाखण्याची पद्धत, त्याविषयीच लिहिते.

आपण म्हणता की आंबा वासात सापडला नाही, तो गिळल्यावर आला. हे निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग हा वासच असतो, आणि तो घशामागून नाकात चढतो. ग्लासावर नाक धरल्यावर केळ्याचा हलका, चटकन उडणारा वास पुढे धावतो. घोट तोंडात गरम होऊन गिळला आणि आपण नाकाने श्वास सोडला की मागे राहिलेले जड वास वर येतात, आणि फळ बहुधा तिथेच भेटते. याची खात्री घरी करता येते. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. फक्त आंबट, थोडे कडू, आणि जिभेवर बुडबुड्यांची टोचणी, एवढेच कळेल. घोट गिळून चिमूट सोडा. त्या क्षणी आंबा येतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे कोकमाच्या सरबतावर करून दाखवते, आणि दर वर्षी वर्गात एकदम शांतता पसरते.

थंडपणाचाही विचार करा. बर्फासारख्या थंड पेयात वास दबून राहतो, गोडीही कमी भासते आणि वायूची टोचणी आंबटपणा वाढवते. लागरला ते चालते. ही बिअर मात्र फ्रीजमधून काढून दहा मिनिटे बाहेर ठेवावी. मे महिन्यात बेळगावची संध्याकाळ मोकळी आणि वाऱ्याची असली तर पंधरा मिनिटेही चालतील. काचेचा उंच ग्लास घ्या. तो भांड्यांच्या साबणाने धुतला असेल तर साध्या पाण्याने पुन्हा दोनदा खंगाळा, कारण साबणाचा अंश आणि तेलकटपणा फेसाचा वैरी असतो. याच कारणाने शेव, चिवडा, तळलेले पापड चाखणे संपेपर्यंत दूर ठेवावेत. ओठांवरचे तेलदेखील फेस खाली बसवते, आणि तिखटाने जीभ भाजली की लवंग शोधण्यात अर्थ नाही. ग्लास तिरपा धरून बाटलीचा दोन तृतीयांश भाग हळूहळू ओता, मग बाटली हातात गोल फिरवून तळचा गाळ हलवा आणि उरलेली बिअर वरून सोडा. गाळाने तोंडातला भरीवपणा वाढतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी शेवटचे बोटभर बाटलीतच ठेवावे.

आणखी एक सुचवते. ग्लासाशेजारी एका ताटलीत पिकलेल्या केळ्याची फोड, एक ठेचलेली लवंग, कैरीची ताजी काप आणि चमचाभर आमरस ठेवा. खायचे नाही, फक्त आळीपाळीने हुंगायचे आणि पुन्हा ग्लासाकडे जायचे. आपल्याला काय वाटते यापेक्षा समोर काय आहे हे नाकाला कळू लागते. चिकोडीच्या काकांची सूचनाही मला पटते. साधी आणि फळाची अशा दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या तर फरक सर्वांत स्पष्ट होतो. दोघांनी मिळून प्रत्येक प्रकारची एकच बाटली घ्या, आधी पोटात काहीतरी असू द्या आणि नंतर गाडी चालवायची नाही हे पक्के ठरवून मगच बसा. गव्हाची अॅलर्जी असलेल्यांनी किंवा ग्लुटेन न चालणाऱ्यांनी ही बिअर मुळीच घेऊ नये, हेही नोंदवून ठेवते.

उद्यमबागकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काल सर्व केले, म्हणून वृत्तान्त लिहितो.

दादांना पुन्हा बोलावले. एक साधी गव्हाची बिअर आणि पहिल्यासारखीच तपकिरी बाटलीतली आंब्याची, अशा दोन्ही दुकानाच्या फ्रीजमधून मागून घेतल्या. लग्नात आलेले उंच ग्लास कपाटातून काढून धुतले, खंगाळले आणि उपडे घालून वाळवले. सौभाग्यवतींनी ताटलीत केळे, लवंग, कैरी आणि आमरस मांडून दिला. आम्ही दोघे जेवून गच्चीत बसलो.

आधी साधी घेतली. चिकोडीच्या काकांनी पावाच्या पांढऱ्या भागाचे जे म्हटले होते ते पहिल्या घोटालाच पटले. केळे तिच्यातही होते! म्हणजे ते आंब्याच्या बाटलीचा दोष नव्हते, ते या प्रकारच्या बिअरचेच आहे, हे दादांनी ताटलीतली फोड हुंगून स्वतःच कबूल केले. लवंग त्यांना सापडली नाही, मला सापडली. मग आंब्याची ओतली. आधी दोन तृतीयांश, नंतर गाळ हलवून उरलेली. गाळ खाली उतरताना ग्लासात ढग पसरावे तसे दिसले आणि वर तीन बोटे फेस उभा राहिला. मागच्या वेळी स्टीलच्या पेल्यात हे काहीच दिसले नव्हते.

नाक धरून घेतलेल्या घोटात खरोखरच काही नव्हते, नुसते आंबट पाणी वाटले. चिमूट सोडल्यावर जे आले ते शब्दांत नीट सांगता येत नाही. आमच्या आजोळी, जांबोटीच्या बाजूला, माळ्यावर पेंढ्यात आंबे पिकत घालत. तो माळा उघडला की पिकल्या आंब्याच्या आधी पेंढ्याचा, चिकाचा आणि अर्ध्या पिकलेल्या फळांचा मिळून एक वास यायचा. तोच वास होता. आमरसाशी मी त्याची तुलना करत होतो तोवर तो मला मिळणारच नव्हता. ग्लास अर्ध्यावर आला, बिअर थोडी कोमटली, तसा तो वास वाढत गेला आणि केळे मागे पडले. शेवटच्या दोन घोटांत तर मला किंचित गोडीचा भास झाला. ती गोडी कुठून आली हे मात्र समजले नाही.

दादांचे मत मी प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यांना साधी गव्हाची अधिक आवडली. आंब्याची नासलेली नाही हे त्यांनी मान्य केले, पण आंबा हा खायचा असतो असे त्यांचे ठाम म्हणणे आहे, आणि मी त्यावर वाद घातला नाही.

मलप्रभाकाठी

आपले वर्णन वाचून फार आनंद झाला. शेवटच्या घोटांतील गोडीची दोन कारणे असावीत. थोडा वायू निघून गेल्यामुळे टोचणी कमी झाली आणि आंबटपणाही त्याबरोबर खाली आला. दुसरे म्हणजे, पिकल्या फळाचा वास आला की गोडी येणार हे आपल्या मेंदूला लहानपणापासून ठाऊक असते, त्यामुळे साखर नसतानाही ती जाणवते. माल्टमधील जे घटक यीस्टला पचत नाहीत त्यांचा भरीवपणाही त्यात मदत करतो.

चिकोडीच्या काकांना सांगतो की खपलीचा माल्ट निश्चित होतो. युरोपात या जातीच्या गव्हाची बिअर करणारे काही लोक आहेत, आणि टरफलासकट माल्ट केला तर गाळण्यात त्या टरफलांची मदत होते, हा आपला तर्क अगदी बरोबर आहे. आपल्याकडे धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके 1025 आणि डीडीके 1029 असे खपलीचे बुटके वाण दिलेले आहेत. मी स्वतः अजून खपली वापरलेली नाही, पण तिची हुग्गीतली चव माझ्याही जिभेवर आहे. तिच्याबरोबर मी आंबा घालणार नाही. जांभूळ घालीन.

जांभळाचा माझा अनुभव सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही घाईत फळे बियांसकट चिरडली आणि बियांचा तुरटपणा असा उतरला की संपूर्ण टाकी जीभ आखडवणारी झाली. ती ओतून द्यावी लागली आणि चूक माझीच होती. दुसऱ्या वर्षी चार जणांनी बसून हाताने बिया काढल्या. आंबवणाचा फेस गुलाबी आला, बिअर आम्लधर्मी असल्यामुळे जांभळाचा काळसर जांभळा रंग उजळून माणकासारखा लाल झाला, आणि चवीला तुरटपणा अगदी तेवढाच राहिला जेवढा जांभूळ खाल्ल्यावर जिभेच्या कडांना राहतो. गोडी नव्हतीच, पण जांभळाला ती कमी पडली तरी कोणी तक्रार केली नाही.

आता जून येईल. गावी गेलो की खानापूरच्या बाजारात टोपल्या लागलेल्या असतील. उद्यमबागकर, तेव्हा नाकाची हीच परीक्षा जांभळावर करून पाहा, नुसत्या फळावर, बिअरशिवाय. नाक धरून एक जांभूळ खा आणि मग चिमूट सोडा. आंब्याइतका वास येणार नाही, पण जो येईल तो ओळखून ठेवा, म्हणजे पुढे कधी जांभळाची गव्हाची बिअर समोर आली तर तिच्यात तो वास कुठे शोधायचा हे आपल्याला आधीच माहीत असेल.